साल्झबर्गच्या आर्चबिशपला प्रेमाने नाही, मिठाने बुडवलं

ती "युरोपचे बाजीराव-मस्तानी" वाली पोस्ट एव्हाना सगळ्या ग्रुपवर येऊन गेली असेल. ज्यांना आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा आर्चबिशप, म्हणजे लग्न वर्ज्य असलेला मोठा कॅथलिक धर्मगुरू, वोल्फ डीट्रिश एका व्यापाऱ्याच्या पोरीच्या, सालोमे आल्टच्या प्रेमात पडला, तिच्यासाठी मिराबेल महाल बांधला, नवीन चर्च हवं म्हणून जुनं कॅथेड्रल स्वतःच पेटवलं, शेवटी पोपने प्रेमाची शिक्षा म्हणून त्याला मरेपर्यंत किल्ल्यात कोंडलं आणि ती विरहाने झुरून मेली. खाली मिराबेलच्या बागेचा फोटो, लाल हार्ट, आणि "धर्म जिंकला, प्रेम हरलं".

यातलं प्रेम खरं आहे, बाकी बराचसा मसाला.

आधी तुरुंगाचंच बघू, कारण सगळी पोस्ट त्यावरच उभी आहे. वोल्फ डीट्रिश गादीवर आला 1587 मध्ये, तेव्हा त्याला 28 वर्षंही पूर्ण नव्हती. वशिला तगडा होता, आधी होऊन गेलेले पोप पायस चौथे म्हणजे त्याच्या आईचे सख्खे मामा. आणि गादी म्हणतोय ती उगाच नाही, साल्झबर्गचा आर्चबिशप नुसता धर्मगुरू नव्हता, त्या मुलखाचा राजाच होता, कर त्याचे, नाणी त्याची, सैन्य त्याचं, फाशी द्यायची की नाही तेही तोच ठरवणार. सालोमे त्याच्याबरोबर उघडपणे राहत होती, लपवाछपवी काही नाही, मुलं साधारण 15 झाली असं सांगतात. 1609 मध्ये तर पवित्र रोमन सम्राट रुडॉल्फ दुसरा याने सालोमेला आणि मुलांना सरदारकीचा दर्जा दिला. म्हणजे 20 वर्षांच्या आसपास संसार चालला आणि त्यापायी गादी काही गेली नाही. मग 1611 मध्ये अचानक काय झालं?

मीठ झालं! साल्झबर्गचा पैसा म्हणजे हालाइनचं मीठ. शेजारच्या ड्युर्नबेर्ग डोंगरात आत खोल्या खोदायच्या, त्यात गोडं पाणी सोडायचं, पाण्यात मीठ विरघळलं की ते खारं पाणी लाकडी नळांतून खाली गावात आणायचं आणि मोठमोठ्या लोखंडी कढयांत आटवायचं. त्यासाठी लागणारं लाकूड नदीतून वाहत यायचं, तयार मीठ होड्यांत भरून साल्झाख नदीने खाली जायचं. आता गंमत अशी की ही नदी पुढे बव्हेरियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या शेजारी राज्याच्या, हद्दीतून जाते, आणि बव्हेरियाचं स्वतःचंही मीठ होतं, राइखेनहालचं. मधल्यामध्ये बेर्ख्टेसगाडेन नावाचं चिमुकलं धर्मसंस्थान, तिथेही मीठ. मग कोणी किती विकायचं, कुठल्या दराने, जकात कोणाची, यावरून वर्षानुवर्षं करार आणि भांडणं चाललेली. बव्हेरियाचा ड्यूक मॅक्सिमिलियन हा पक्का हिशेबी माणूस, एक पै सोडणारा नव्हे. त्यात वोल्फ डीट्रिशने 1609 मध्ये त्याच्या कॅथलिक लीगमध्ये, म्हणजे कॅथलिक राज्यांच्या युतीत, जायलाही नकार दिलेला, म्हणजे राग आधीचाच होता.

ऑक्टोबर 1611 मध्ये वोल्फ डीट्रिशने सैन्य पाठवून बेर्ख्टेसगाडेन घेतलं. तिथला प्रमुख कोण, तर मॅक्सिमिलियनचा सख्खा भाऊ फर्डिनांड! आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. काही दिवसांत बव्हेरियाची फौज साल्झबर्गवर आली, हा दक्षिणेकडे पळाला आणि आल्प्सपलीकडच्या कॅरिन्थिया प्रांतात ग्म्युंडजवळ पकडला गेला. आधी होहेनवेर्फेनच्या किल्ल्यात, मग साल्झबर्गमधल्या त्याच्या स्वतःच्याच होहेनसाल्झबर्ग किल्ल्यात कैद. मार्च 1612 मध्ये राजीनामा लिहून घेतला. पोपचा दूत या वाटाघाटीत होता आणि पुढची कैद पोपच्या नावाने चालली, हे मान्य, त्यामुळे रोमचे हात कोरडे आहेत असं मी म्हणत नाही. पण फौज आणली बव्हेरियाने आणि आणली ती मिठावरून. शिवाय नंतर गादीवर बसलेला मार्कुस सिटिकुस हा वोल्फ डीट्रिशचा मामेभाऊ. राजीनामा दिल्यावर सुटका होईल या आशेवर असलेल्या माणसाला या भावाने शेवटपर्यंत सोडलं नाही, 16 जानेवारी 1617 ला वोल्फ डीट्रिश तिथेच कैदेत वारला. भाऊबंदकी म्हटलं असतं पोस्टमध्ये तर आपल्या लोकांना चटकन कळलं असतं!

आता मिराबेल. 1606 मध्ये त्याने सालोमेसाठी शहराच्या तटाबाहेर वाडा बांधला हे बरोबर, पण त्याचं नाव होतं अल्टेनाउ. मिराबेल हे नाव दिलं त्या मामेभावाने, आधीच्या जोडप्याची आठवण पुसायला. आज दिसतो तो महाल 1721 ते 1727 मध्ये वास्तुविशारद हिल्डेब्रांटने नव्याने उभारलेला आणि 1818 च्या आगीनंतर परत दुरुस्त केलेला. आणि पोस्टमधल्या फोटोतली ती बाग तर साधारण 1690 ची, म्हणजे सालोमे जाऊन 50 वर्षं उलटल्यावरची. युरोप टूरवर जाऊन तिथे फोटो काढा, जरूर काढा, जागा सुंदरच आहे, पण "त्याने तिच्यासाठी लावलेली फुलं" असलं कॅप्शन नको. ताजमहालाची तुलना तर कुठेच बसत नाही, ती कबर आहे आणि इथे बाई पोराबाळांसकट नांदत होती.

कॅथेड्रल पेटवलं का? 11 डिसेंबर 1598 ला आग लागली हे खरं. त्याने लावली ही तेव्हापासूनची वदंता, पुरावा नाही. "जळतंय तर जळू दे" असं तो म्हणाला, तेही लोक म्हणतात म्हणून. ज्याबद्दल त्याला खरंच धारेवर धरायला हवं ते पोस्टमध्ये नाहीच: दुरुस्ती करायची सोडून त्याने जुनं कॅथेड्रल पाडलं, शेजारचं कब्रस्तान उकरलं, चौक मोकळे करायला लोकांची घरं उतरवली. इटलीहून स्कामोझ्झी या वास्तुविशारदाकडून भला मोठा आराखडा मागवला आणि तो तसा बांधलाच गेला नाही. आजचं कॅथेड्रल सांतिनो सोलारीचं, काम 1614 मध्ये सुरू, उद्घाटन 1628 मध्ये.

पोस्टचा सूर असा की हा बिचारा काळाच्या पुढचा, उदार माणूस. अहो, 1588 मध्ये याच माणसाने शहरातल्या लुथरपंथीयांना, म्हणजे प्रोटेस्टंटांना, सांगितलं की कॅथलिक व्हा नाहीतर चालते व्हा, आणि कित्येक घराणी खरंच गाव सोडून गेली. 1606 मध्ये करांविरुद्ध ओरडणाऱ्या पिंट्सगाउ या साल्झबर्गच्याच डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना साथ दिल्याच्या आरोपावरून कास्पर फोगल या आपल्याच अधिकाऱ्याचं डोकं उडवलं. बायकोवर, म्हणजे जिला तो बायकोसारखं वागवायचा तिच्यावर, जीव होता म्हणून प्रजेवरही होता असं नसतं हो. (आणि हो, "गुप्त लग्न" याचाही पुरावा नाही.)

सालोमे झुरून मेली, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. कैदेनंतर त्यांची भेट झाली नाही हे खरंच वाईट आहे. पण ती ऑस्ट्रियातल्याच वेल्स नावाच्या गावी नातेवाइकांकडे गेली, तिथे राहिली आणि 1633 मध्ये वारली, म्हणजे तो गेल्यावर 16 वर्षांनी. एवढ्या मुलांना घेऊन, सत्ता गेलेल्या घरातली बाई दुसऱ्या गावात 20 वर्षं निभावते, त्या सगळ्या काळाला पोस्टमध्ये अर्धी ओळ, तीही चुकीची. पुढच्या वेळी फॉरवर्ड करणारच असाल तर निदान ती ओळ काढा, आणि बागेच्या फोटोऐवजी वेल्सच्या चौकातल्या तिच्या घराचा फोटो लावा. ते घर अजून तिच्याच नावाने ओळखतात.