मोसमी खवखव

माझं बालपण पुण्यात गेलं. आमच्या घरी भाजीला मोसम नसायचा, वार असायचा. सोमवारी बटाटा, मंगळवारी कोबी, शनिवारी मटकी. मोसम असे दोनच, आंब्याचा आणि मटारचा. जानेवारीत वडील मंडईतून 10 किलो मटार आणायचे आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सगळं घर शेंगा सोलायला बसायचं. त्या दिवशी कुणी सहज डोकावलं तर त्याच्यापुढेही एक ढीग सरकवला जायचा. चहा ढीग संपल्यावर. एवढ्या भांडवलावर माझं लग्न ठाण्याच्या एका सीकेपी घरात झालं.

सासरचं पंचांग वेगळं निघालं. लग्नानंतरचा पहिला जून. मृग लागला होता, पाऊस अजून यायचा होता, आणि सासरे फोनवर दबक्या आवाजात बोलत होते. ‘आलीत? कुठे, स्टेशनजवळ? कोवळी आहेत ना? काकडं आहेत का बरोबर?’ मला वाटलं, घरात काहीतरी गंभीर आहे. गंभीरच होतं. शेवळं आली होती.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. शेवळं हा सुरणाच्या भाईबंदांपैकी एका रानटी कंदाचा फुलोरा. पहिल्या पावसाच्या आगेमागे तो जंगलात जमिनीतून भाल्यासारखा वर येतो. रंग तपकिरी-जांभळा, टोक निमुळतं. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका पहाटे निघून त्याच्या जुड्या ठाण्या-कल्याणला आणून विकतात. हा सगळा खेळ जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. पुढे वर्षभर तुम्ही कितीही पैसे मोजा, मिळत नाहीत. एक अपवाद, माझ्या सासूबाईंचा फ्रीझर. तिथे साफ करून, तेलावर परतलेल्या शेवळांचा एक डबा असतो आणि त्याचा दर्जा मुदत ठेवीचा आहे. मुदतीआधी मोडायची सोय नाही. जावयालासुद्धा नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी जूनमध्ये बायको कामासाठी बंगळुरूला गेली होती आणि सासूबाई बडोद्याला बहिणीकडे. नेमक्या त्याच आठवड्यात मी ऑफिसात बोलून बसलो. डबा खाताना ‘सीझनल’ खाण्याचा विषय निघाला. हल्ली तो निघतोच. पूर्वी ज्याला ‘स्वस्त झालंय’ म्हणायचे त्याला आता ‘सीझनल’ म्हणतात. माझ्या नागपूरच्या सहकाऱ्याने विचारलं, शेवळं म्हणजे काय हो? मी म्हणालो, ‘या रविवारी जेवायला. दोघेही या.’ कुणाच्या अंगात येतं, माझ्या तोंडात येतं. घरी येऊन बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, ‘मग मामालाही बोलाव. त्याला न बोलावता शेवळं केलीस असं कळलं तर दिवाळीपर्यंत बोलणार नाही.’

मामा म्हणजे माझे मामेसासरे. शेवळांच्या बाबतीत घराण्याचं सर्वोच्च न्यायालय. पंच्याहत्तरीचे आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी विसरतात, पण कुठल्या साली कुणाच्या घरची शेवळं खाजली होती हे सांगतात, तारखेसकट.

शनिवारी सकाळी जांभळी नाक्यावर गेलो. एका मावशींपुढे शेवळांच्या जुड्या होत्या. 60 रुपये जुडी.

‘किती देऊ दादा?’

‘सहा माणसं आहेत. दोन पुरतील?’

मावशींनी शेजारच्या मावशींकडे पाहिलं. दोघी हसल्या. त्या हसण्याचा हिशेब करून मी दहा घेतल्या.

‘काकडं घे ना.’

‘काकडी आहे घरी,’ मी म्हणालो.

आता दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मावशींनी समोरच्या ढिगातली हिरवी, बोराएवढी फळं ओंजळभर उचलून माझ्या पिशवीत टाकली. ‘घे. ऱ्हाऊं दे पैसे.’ फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत हा पुण्याचा संस्कार आहे. घरी येऊन त्यातलं एक चावलं. असलं आंबट, की डावा डोळा आपोआप मिटला. आवळ्याची कुठली तरी गरीब जात असावी, असं ठरवून सगळी बरणीत भरली, वर मूठभर मीठ घातलं आणि बरणी उन्हात ठेवली. ऊन नव्हतं, पण खिडकी होती.

दुपारी सासूबाईंचा फोन आला. कृती सांगायला लागल्या. मी वही घेऊन बसलो.

‘सोडे किती घालायचे?’

‘शेवळांच्या मानाने.’

‘आणि तिखट?’

‘सोड्यांच्या मानाने. आणि काकडं विसरू नका हं.’

‘नाही नाही, चार आहेत फ्रीजमध्ये.’

‘चार? अहो, चारांनी काय होतंय?’

‘मोठी आहेत.’

‘काकडं? मोठी?’ पलीकडे शांतता. ‘बघू बरं, कॅमेऱ्यात दाखवा.’ तेवढ्यात बडोद्याची रेंज गेली. परत फोन लावण्याऐवजी त्यांनी मुलीकडे चौकशी केली असावी, आणि मुलीने ‘तो करेल गं नीट’ असं सांगितलं असावं. बारा वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर टाकलेला हा एकमेव आंधळा विश्वास.

आता साफसफाई. वरची कागदासारखी सालं काढायची. मग ते जांभळट पान हलक्या हाताने उलगडायचं. आत एक दांडा उभा असतो, त्याच्या बुडाशी पिवळसर दाणेदार भाग. हा खरा गुन्हेगार. तो पूर्ण काढून फेकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. पहिलं शेवळं मी एखादं पत्र उघडावं तसं उघडलं. दाण्यांवर बोट फिरवून पाहिलं. कुतूहल, दुसरं काय. दहाव्या शेवळाला तर्जनी चुरचुरायला लागली, विसाव्याला मनगट. तेव्हा आठवलं, हाताला आधी तेल लावायचं असतं, वहीत पहिल्याच ओळीला लिहिलं होतं. तेल लावलं. आता तेलकट हात खाजवायचा होता, पण ज्याने खाजवायचं तो हातही त्यातलाच. शेवटी कोपर दाराच्या चौकटीवर घासत उभा राहिलो. मुलगी पाणी प्यायला आली, माझ्याकडे बघून न बोलता परत गेली आणि आतून ओरडली, ‘बाबा, मी उद्या मॅगी खाणार आहे.’

तीन तासांनी दहा जुड्यांचा एक बाऊल भरला. कढईत तेलावर परतायला घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो ओसरत गेला. पालकाचं असं होतं हे माहीत होतं, पण पालक 600 रुपयांचा नसतो. शेवटी उरली एक आमटीची वाटी. ज्याला आपण पुण्यात चटणीची वाटी म्हणतो ती. खाणारी माणसं पाच, त्यात मामा. मी भागाकार केला. माणशी चार चमचे, मामांना सहा, मला शून्य.

सोड्यांबद्दल फार बोलत नाही. वाळवलेली कोलंबी ही चीज खायला मी सासरी शिकलो आणि आता सोडणार नाही. पण ती भिजत घातली की माझे पुण्याचे पूर्वज स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभे राहतात एवढं खरं. वालाचं बिरडं मात्र मी डोळे मिटून करतो. आम्ही त्याला डाळिंबी उसळ म्हणतो आणि त्यात गूळ घालतो, या एका वाक्यावर आमचा साखरपुडा लांबणीवर पडला होता.

रविवारी अकरा वाजता भाजी तयार झाली. रंग उत्तम. वास उत्तम. काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीरही झाली होती, चार मोठ्या काकड्यांची, कारण दोन्हीकडून एवढा आग्रह झाला होता. मी चमचाभर भाजी तोंडात टाकली. चव खरंच छान होती. मातकट, खोल, जराशी मटणाकडे झुकणारी. मी स्वतःवर खूश होऊन भांडी पुसायला घेतली.

तिसऱ्या भांड्याला घशात कुणीतरी स्वेटर विणायला घेतला.

पाणी प्यायलो. वीण घट्ट झाली. साखर खाल्ली, ताक प्यायलो, खाकरलो. मुलगी दारात येऊन म्हणाली, ‘मी सांगितलं होतं ना.’ बडोद्याला फोन लावला. आवाज फुटत नव्हता, पण सासूबाईंनी तेवढ्यावरून निदान केलं.

‘काकडं घातली नाहीत तुम्ही.’

‘घातली. कूट आणि दही लावून.’

मग तिकडे जे हसू फुटलं त्यात मावशीसासूबाईही सामील झाल्या. मग मला सांगण्यात आलं की काकडं म्हणजे काकडी नव्हे. काकडं हे एका झाडाचं आंबट फळ. शेवळांच्याच वेळेला धरतं आणि शेवळांबरोबरच विकायला येतं. अळूत, सुरणात, शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आणि आंबटाने ती खाज मारता येते, हे मी त्या दहा मिनिटांत मोबाइलवर वाचलं. म्हणजे अळूला चिंच, सुरणाला आमसूल, शेवळाला काकडं. शेजारीशेजारी उगवणारं विष आणि उतारा. मावशींनी दोन्ही एकाच पिशवीत घातलं होतं, आणि मी उताऱ्याचं लोणचं घातलं होतं.

‘बोराएवढी हिरवी?’ मी विचारलं.

‘आहेत का घरी?’

‘बरणीत आहेत. मिठात.’

पलीकडे पुन्हा शांतता. मग त्या शस्त्रक्रियेच्या आवाजात म्हणाल्या, ‘धुवा. उकडा. कुस्करून बिया काढा. कोळ गाळून भाजीत ओता आणि चांगली उकळी येऊ द्या. आणि आता मीठ घालू नका.’

आधीच घातलं होतं. उकळी आल्यावर चाखली. खाज बरीच बसली होती. आता भाजी खारट लागत होती. फार नाही, अरबी समुद्राच्या एक पायरी अलीकडे. परत फोन. ‘नारळाचं दूध ओता.’ ओतलं. एका नारळाचं ओतलं, पुरलं नाही, म्हणून दुसरा फोडला. वाटीभर भाजीचं पातेलंभर कालवण झालं. भागाकाराचा प्रश्न परस्पर मिटला, हे मात्र कबूल करायला हवं.

पाहुणे साडेबाराला आले. मामांनी बूट काढता काढता हवेत नाक फिरवलं आणि विचारलं, ‘सोडे घातलेत ना?’ पानं मांडली. मामांनी आधी भाताला, बिरड्याला, कशालाच हात लावला नाही. पोळीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मी पंख्याकडे पाहत उभा राहिलो. तो फिरत होता.

‘खवखवतंय थोडं,’ मामा म्हणाले.

माझ्या हातातला डाव खाली आला.

‘खवखवायलाच पाहिजे,’ मामा डोळे न उघडता म्हणाले. ‘हल्ली काकडं इतकी ओततात की शेवळं खातोय का पडवळ तेच कळत नाही. माझ्या आईच्या हातची अशी लागायची. घशाला जराशी धरायची. पन्नास वर्षांत ही चव नाही मिळाली.’ आणि त्यांनी वाटी पुढे केली.

मामी पानातल्या भातावर नजर ठेवून हळूच म्हणाल्या, ‘त्यांना काकडं सोलायचा कंटाळा होता.’

मामांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. तिसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत ते आईबद्दलच बोलत होते. पेणचं घर, चुलीवरची कढई, आजीने पोरांना अंगणात बसवून सोलायला दिलेली शेवळं, आणि मग रांगेने सगळ्यांच्या हातांना लावलेलं खोबरेल. माणूस एवढ्या आनंदात असताना त्याला मीठ, बरणी, दुसरा नारळ वगैरे तपशील सांगून काय करायचं?

नागपूरकर मात्र काही बोलत नव्हता. तो सोलकढी पीत होता. चौथा पेला संपवून म्हणाला, ‘वेगळंच आहे बुवा काहीतरी.’ त्याच्या बायकोने घसा साफ करत विचारलं, ‘यात मिरची निराळ्या जातीची असते का?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘मोसमी.’

कोशिंबीर सगळ्यांनी आवडीने खाल्ली. चार काकड्यांची होती, पुरून उरली. जाताना मामांनी उरलेलं कालवण डब्यात भरून मागितलं आणि दारात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘पुढल्या वर्षी असंच.’ बायकोला मी रात्री फोनवर फक्त एवढंच सांगितलं की मामा खूश आहे. ती म्हणाली, ‘आईने सगळं सांगितलंय.’

सोमवारी मीटिंगमध्ये नागपूरकराचा आवाज बसलेला होता. साहेबांनी विचारल्यावर म्हणाला, व्हायरल आहे. मी कागदात डोकं घातलं. मीटिंग संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि फाटक्या आवाजात म्हणाला, ‘आता हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे यायचं. तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात करते ही. आणि सोबत सावजी रस्सा.’

‘वा, नक्की,’ मी म्हणालो.

‘तिखट जरा आमच्या पद्धतीचं असते बरं,’ तो म्हणाला, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला. ‘मोसमी.’