सीटी स्कॅनचा वाद आणि आतड्याचा झटका

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक वाद पेटतो: डॉक्टर गरज नसताना सीटी स्कॅन लिहून देतात. कट प्रॅक्टिसचा, म्हणजे कमिशनसाठी तपासण्या लिहून देण्याचा, लोकांना आलेला राग खोटा नाही. पण इथे पॅरिसमध्ये तो वाद वाचताना एका आजारापुरतं मला ठामपणे उलट बोलायचं आहे. आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बंद पडतो, त्या आजाराबद्दल.

मेंदूला येतो तसा झटका आतड्यालाही येतो. हृदयाचे ठोके अनियमित असले की आत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती सुटते आणि लहान आतड्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीत जाऊन अडकते. आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली माणसं अजूनही पुष्कळ आहेत, त्यामुळे चाळिशीतल्या माणसालाही हे होऊ शकतं. दात काढायचा म्हणून ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी बंद केली आणि पुन्हा सुरू करायची राहिली, एवढंही कधी कधी पुरतं.

यातली खरी मेख अशी, की पेशंट कळांनी गडाबडा लोळतो आणि डॉक्टरांच्या हाताला पोट मऊ लागतं. मग गॅसचं निदान होतं, पँटॉपचं, म्हणजे ॲसिडिटीचं, इंजेक्शन दिलं जातं आणि ‘सकाळी बघू’ म्हणून घरी पाठवतात. सकाळी पोट लाकडासारखं कडक झालेलं असतं आणि आतडं काळं पडलेलं असतं. यात निम्म्याहून अधिक पेशंट दगावतात. निदानाला सहा तास उशीर झाला की मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं, असं इमर्जन्सी सर्जरीच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूमुळे बहुतेकदा काही धड दिसत नाही. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. लागतो तो शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या स्पष्ट दाखवणारं औषध) देऊन केलेला रक्तवाहिन्यांचा सीटी, आणि तोही लगेच. बाटलीभर कॉन्ट्रास्ट पीत तासभर बसायची गरज नसते. क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या, रिपोर्टसाठी थांबणंही इथे महागात पडतं. गुठळी वेळेत सापडली तर हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू करून ती कॅथेटरने (रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने) किंवा शस्त्रक्रियेने काढता येते. मेलेला भाग कापावाच लागतो, आणि उरलेलं आतडं जगलं का, हे पाहायला बहुधा एक-दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडतात. फारच कापावं लागलं तर पुढे शिरेतून अन्न द्यावं लागतं. तो खर्च आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराला उद्ध्वस्त करतो.

पॅरिसला लागून असलेल्या क्लिशीतल्या बोजाँ रुग्णालयात 2016 पासून फक्त याच आजारासाठी चोवीस तास चालणारं पथक आहे. पोटविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, रक्तवाहिन्यांचे आणि पोटाचे सर्जन, सगळे एकत्र निर्णय घेतात. आतडं वाचवायचं, हे त्यांचं पहिलं ध्येय. 15 हा इथला इमर्जन्सीचा नंबर फिरवला की गरज पडल्यास डॉक्टर स्वतः फोनवर बोलतो. म्हणून फ्रान्स स्वर्ग आहे असं नाही. इथल्या इमर्जन्सीतही म्हातारी माणसं तासन्‌तास स्ट्रेचरवर पडून असतात, आणि खेड्यांत डॉक्टर मिळत नाही ही ओरड रोजची आहे.

महाराष्ट्रात हे अशक्य आहे, हे मला पटत नाही. 108 रुग्णवाहिका 2014 पासून धावतात. हृदयासाठी कॅथलॅब (नळी घालून बंद रक्तवाहिनी उघडायची सोय) काही जिल्ह्यांत झाल्या. पुण्यात 2025 मध्ये रुग्णालयाने दाखल करण्याआधी मागितलेल्या अनामत रकमेवरून रान उठलं, ते योग्यच होतं. तेवढ्याच जोराने विचारायला हवं: आपल्या जिल्हा रुग्णालयात रात्री अडीच वाजता कॉन्ट्रास्ट सीटी होतो का? तो वाचायला, निदान दूरून तरी, रेडिओलॉजिस्ट आहे का? गुठळी दिसली तर पेशंट कुठे पाठवायचा, हे आधी ठरलेलं आहे का?

आणि घरच्यांनी कॅज्युअल्टीत नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हणून थांबू नये. दुखणं किती वाजता, किती अचानक सुरू झालं, हृदयाचा काय त्रास आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे की बंद केली, हे आधी सांगावं. त्यावर डॉक्टरांनी सीटी सांगितला, तर तो किती लवकर होईल एवढंच विचारावं.