चार पोरं बोलावतो

आमच्या आत्याला गाण्याला न्यायचं तर तीन गोष्टी लागतात. गाडीची डिकी रिकामी, माझी कंबर शाबूत आणि आत्याचं तोंड बंद. त्या दिवशी पहिल्या दोन जमल्या होत्या.

आत्या एकोणऐंशीची. बत्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. अर्ध्या तालुक्याला तिने ‘सा’ लावायला शिकवला आणि उरलेल्या अर्ध्याला गप्प बसायला. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून घराबाहेर पडायचं तर व्हीलचेअर. आत्या तिला ‘गाडी’ म्हणते आणि मला ‘डायवर’. डायवरला पगार नाही, शिव्या दोन्ही वेळेला.

नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, तिथे आम्हाला पुन्हा जायचं आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. आदल्या दिवशी मी फोन करून विचारलं होतं, व्हीलचेअर आत येईल ना? पलीकडून उत्तर आलं, “येतली ओ! सगळी सोय आसा.”

कार्यक्रम सहाचा. आम्ही सव्वापाचलाच पोचलो. समोर पाच पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर रांगोळी, समई आणि गुलाबपाणी शिंपडायला उभ्या दोन मुली. गुलाबपाणी खाली आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. वॉचमनने खुर्चीकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, मग मला म्हणाला, “काय एक काळजी करू नकात. चार पोरगे बोलयतंय. आजयेक अलगद उचलून वर ठेवतत.”

‘चार पोरं बोलावतो’ हा आमच्याकडचा रामबाण उपाय. विहिरीत पडलेला पंप काढायचा, चार पोरं. माटवाचे वासे चढवायचे, चार पोरं. मळ्यातल्या चिखलातून गणपती न्यायचा, चार पोरं. आणि ती खरंच येतात, हातातला चहा अर्धा टाकून येतात. खोटं कशाला बोलू? इथेही दोन मिनिटांत हजर झाली. एकाने तर बाह्या सरसावून खुर्चीच्या पायाला हातही घातला.

“हात काढ मेल्या,” आत्या म्हणाली. “मला चौघांनी उचलायची वेळ यायचीच आहे. तेव्हा मी चकार शब्द काढणार नाही. आज मी बसून जाणार.”

चारातली दोन पोरं दोन पावलं मागे सरली. वॉचमनने घसा साफ केला आणि इतका वेळ पोटात ठेवलेलं गुपित बाहेर काढलं, “मगे रॅम्प आसा मा, मागच्या अंगाक.”

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. त्याचा दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवलाय की समुद्रातून येणाऱ्या शत्रूला तो दिसूच नये. ही विद्या आमच्या भागातून लोप पावलेली नाही. नाट्यगृहाला वळसा घाला, जनरेटर ओलांडा, बटाटेवड्यांच्या कढईमागून वळा, पाण्याच्या टाकीला उजवी घाला, की रॅम्प. आम्हाला तोही दिसला नाही, कारण त्यावर सात स्कूटर उभ्या होत्या.

मग माइकवरून पुकारा सुरू झाला. आत तंबोरे लागत होते आणि त्या सुरांवर “एमएच शून्य सात, ज्या कोणाची असेल त्यांनी…” आत्या म्हणाली, “निवेदकाचा षड्ज बरा आहे.” सहा स्कूटर हलल्या. सातवी निघाली तबलजींची. ते तबला लावायची हातोडी हातात घेऊनच बाहेर आले, स्कूटर बाजूला केली, आत्याला नमस्कार केला आणि परत आत गेले.

आता उताराबद्दल. आत्याचा खुबा मोडेपर्यंत मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आता मी कोणाच्याही घरी गेलो की आधी जोतं मोजतो. नियम साधा आहे, एकास बारा. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार. इथे अर्ध्या अर्ध्या फुटाच्या पाच पायऱ्या, म्हणजे अडीच फूट चढ. उतार हवा तीस फूट. होता सात. एवढ्या चढावर बकरीसुद्धा आधी विचार करील.

तेवढ्यात कार्यवाह आले. जाकीट, छातीला बिल्ला आणि डावा हात गुडघ्यावर. वळसा घालून आल्याने त्यांनाही धाप लागली होती. मी म्हटलं, अहो, दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींनाही त्यात सोयीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती, तीही केव्हाच उलटली.

“पण रॅम्प आहे ना!” कार्यवाह दुखावले. “अंदाजपत्रकात ‘रॅम्प, एक नग’ असंच होतं. एक नग केलेला आहे.”

यावर काय बोलणार? मी खुर्ची लावली. मी खुर्ची ढकलतोय आणि ती चार पोरं मला ढकलतायत, अशी वरात निघाली. आत्याचे पाय वर, तोंड आभाळाकडे. खाली चिऱ्याची लाल खडी, तिच्यात पुढची लहान चाकं रुतायची. मग मागच्या दांडीवर पाय देऊन खुर्ची कलती करायची, पुढची चाकं अधांतरी ठेवायची आणि फक्त मोठ्या चाकांवर न्यायची. हे मी घरी तांदळाचं पोतं ठेवून शिकलोय. पोतं मध्येच “डावीकडे घे, डावीकडे!” असं ओरडत नाही, एवढाच फरक. कसेबसे वर पोचलो, तर दारात चार बोटं उंच उंबरठा. रॅम्प एक नग, उंबरठा एक नग.

आत गेलो तेव्हा सहा वीस झाले होते. यमनचा बडा ख्याल निम्मा झाला होता. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पूर्वी वर्गात उशिरा येणाऱ्या पोराकडे पाहायची.

बसायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. मधल्या वाटेवर खुर्ची ठेवली तर रस्ता अडतो. मागे ठेवली तर पुढचा माणूस दाद द्यायला हात वर करतो आणि गायक दिसेनासा होतो. सगळ्या सूचना मलाच चालल्या होत्या. “आजींना इथे ठेवा.” “आजींना ऐकू येतं ना?” “आजींना गाण्यातलं कळतं का, की हवापालट म्हणून आणलंत?” आत्या त्यांच्या हातभर अंतरावर बसलेली. चाकं आली की माणसाची जीभ जाते, असा लोकांचा समज असावा. अखेर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेली एक कॉलेजातली मुलगी आली, सरळ उकिडवी बसली आणि आत्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “आजी, तुम्हाला कुठे बसायला आवडेल?”

आत्या क्षणभर गप्प झाली. असं क्वचित होतं. मग म्हणाली, “पेटीवाल्याची बोटं दिसतील तिथे.”

म्हणून ती पहिल्या रांगेच्या कडेला, निमंत्रितांच्या सोफ्यांशेजारी बसली. पुढचं सगळं यातूनच घडलं.

ख्याल संपल्यावर सत्कार होता. एका ज्येष्ठ संगीतशिक्षिकेचा. त्या बाई देवगडहून यायच्या होत्या, वाटेतच अडकल्या होत्या आणि त्यांची जागा होती पहिल्या रांगेच्या कडेला. निवेदक म्हणाला, “ज्यांनी तीन दशकं विद्यादान केलं, अशा…” नाव आलं आणि नेमकी माइकने शिट्टी मारली. “त्यांना व्यासपीठावर येणं शक्य नसल्याने आपणच खाली जाऊ या.” प्रमुख पाहुणे खाली आले. शाल पडली, श्रीफळ आलं, पाहुणे वाकले, त्यांच्यामागे अख्खी समिती ओळीने वाकली. कार्यवाह गुडघा धरून वाकले. आत्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होती आणि तोंड न हलवता मला विचारत होती, “कोणाचा रे सत्कार हा?”

“तुझा नाही.”

“बत्तीस वर्षं शिकवलं की नाही मी?”

“शिकवलंस.”

“मग बस गप्प.”

तोवर तीनदा कोकम सरबत येऊन गेलं होतं. पाहुणचारात हे लोक खरंच कमी पडले नाहीत. थंडगार पेले, वर चिमूटभर जिरेपूड. “आजी, घ्या की, घरच्या आमसुलांचं आहे.” आत्या तीनदा नको म्हणाली. चौथ्यांदा ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, आजींना शुगर आहे का?

शुगर नाही. आत्याने दुपारी दोनपासून पाणीसुद्धा तोंडात घेतलेलं नव्हतं. कार्यक्रमाला जायचं ठरलं की सकाळचा चहा अर्धा कप, जेवताना दोन घोट आणि मग घरी परतेपर्यंत कडकडीत उपास. कारण मी तिला कितीही सांगितलं, की फोनवर ‘सगळी सोय आसा’ म्हणालेत, तरी तिचा सोयींवर विश्वास नाही.

मध्यंतरात मी बघून आलो. दारावर खुर्चीचं निळं चित्र, अगदी नवीन. खाली कुलूप.

“चावी खंय आसा?”

“भाऊंकडे.”

“भाऊ खंय?”

“कुडाळाक गेलेत.”

खिडकीच्या झडपांतून आत बघितलं. सतरंज्यांची चळत, गेल्या वर्षीचे बॅनर, दोन समया आणि सगळ्यांच्या वर उलटं ठेवलेलं दशावताराचं बाकडं. तेवढ्या एका बाकड्यावर दशावतारी कधी सिंहासन करतात, कधी डोंगर. त्याचं कमोड तेवढं करता आलं नसतं.

उत्तरार्धात आत्या खूश होती. नाट्यपदाला मान डोलावली, भैरवीला डोळे पुसले, पेटीवाल्याच्या एका जागेला “वा” म्हणाली, ते त्याने ऐकलं आणि तीच जागा पुन्हा घेतली. उतरताना मी खुर्ची उलटी फिरवून पाठीकडून उतरवली, पोरांनी पुढून धरली. घरी आल्यावर ती आधी आत जाऊन आली आणि मग एका दमात दोन तांबे पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अंगणात स्कूटर थांबली. कार्यवाह. देवगडच्या बाई मध्यंतरानंतर पोचल्या होत्या म्हणे आणि त्यांच्या नावाची शाल शिल्लक नव्हती. चेहरा अगदी पडलेला. “नारळ राहू दे, फक्त शाल…”

आमच्या घराच्या जोत्याला तीन पायऱ्या आहेत, जुन्या आणि उंच. त्यावर खुर्चीसाठी मी फळी टाकली आहे. ती एकास चार भरते, हे कबूल. कार्यवाहांनी पायऱ्यांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, रात्रीच्या पावसाने ती ओली झाली होती. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

“बाहेरच आणून देता का जरा?”

आत्या ओटीवर बसली होती. खांद्यावरची शाल तिने नीट सारखी केली.

“बाहेर कशाला? वर या, चहा घ्या,” ती म्हणाली. मग आत वळून मला हाक मारली, “डायवर, चार पोरं बोलाव रे!”