‘आयसीयूच्या डिप्लोमाला तिकडे किंमतच नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सिस्टर,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आयसीयूचा डिप्लोमा आणि एवढा अनुभव असूनही यूकेत साधी ‘ॲडल्ट नर्स’ म्हणूनच नोंदणी होणार, कागदांसाठी आम्ही, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्सची तयारी करून घेणाऱ्या या सेंटरने, उगाच फेऱ्या मारायला लावल्या, आणि फी परत द्यावी.

पहिली गोष्ट फी घेण्याआधीच सांगितली होती. इथे पुन्हा लिहितो, कारण खानापूर-निपाणीकडच्या मुली रिव्ह्यू वाचूनच आमच्याकडे येतात. यूकेची एनएमसी, म्हणजे तिथली नर्सची नोंदणी करणारी कौन्सिल, नोंदणी करते ती मूळ जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगवर. तिच्याकडे नर्सच्या शाखा चारच: ॲडल्ट, चिल्ड्रन, मेंटल हेल्थ, लर्निंग डिसॅबिलिटी. आयसीयूचा रकानाच नाही. स्पेशालिस्ट म्हणून नोंद हवी तर एनएमसीने मान्यता दिलेलाच कोर्स लागतो, आपला इंडियन नर्सिंग कौन्सिलचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा त्यात धरत नाहीत. पैसे घेऊन हे जमवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर चप्पल घालून सरळ बाहेर पडा. जर्मनीला गेलेल्या मैत्रिणीचं म्हणाल तर तिथेही आधी बी2 पातळीची जर्मन भाषा आणि साध्या नर्सची मान्यता, इंटेन्सिव्ह केअरचं प्रकरण वेगळं.

डिप्लोमा कामाला येतो तो मुलाखतीत. म्हणून तर अनुभवाचं पत्र बदलून आणा म्हटलं होतं. आमच्या टेबलावर रोज येणारी पत्रं एकाच साच्यातली: वर लेटरहेड, खाली गोल शिक्का, मधे ‘स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली’. एवढ्यावरून तिकडच्या वॉर्ड मॅनेजरला काय कळणार? युनिट किती बेडचं, आर्टिरियल लाइन (धमनीतली नळी), इनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं), डायलिसिस कोण सांभाळत होतं, हे लिहून हवं. तिकडे व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स असते. आपल्याकडे एकटीने तीन-तीन सांभाळलेले असतात आणि पत्रात त्याचा पत्ता नसतो! तरीही सुरुवात बँड 5 नेच होते (बँड म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतली पगाराची श्रेणी), आणि ओएससीई या प्रात्यक्षिक परीक्षेची दहा स्टेशनं पास होईपर्यंत बहुतेक ठिकाणी त्याहून खालच्या बँडचा पगार. क्रिटिकल केअरची कौशल्यांची वही स्टेप 1, 2, 3 अशी असते. हात सराईत असेल तर त्यातल्या सह्या भराभर होतात, मग बँड 6 च्या जागेला अर्ज टाकता येतो.

फेऱ्यांना कारण आपला सीमाभाग. शिक्षण कोल्हापूरला, नोकरी बेळगावात, म्हणजे एक कौन्सिल मुंबईत, दुसरी बेंगळुरात. पडताळणी नर्सच्या हातून चालत नाही, कौन्सिलनेच थेट पाठवायची. त्यात लग्न झालेल्या मुलींचं हमखास ठरलेलं: एस.एस.एल.सी.च्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव आणि मागे वडिलांचं एक अक्षर, जीएनएमच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नवऱ्याचं. तीन कागद, तीन बायका. ॲफिडेव्हिट करून ते जुळवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बेंगळूरच्या कामाला तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आमचाच माणूस गेला होता, हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

फीबद्दल. नोकरी लावून देण्याचा एक रुपयाही आम्ही घेत नाही, यूकेत उमेदवाराकडून तसे पैसे घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. तुम्ही भरलेली फी ओईटीच्या (नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेच्या) क्लासची आणि कागदपत्रांची. ती दोन्ही कामं झालीत, त्यामुळे ते पैसे परत मिळणार नाहीत. ओएससीईचा सराव मात्र त्याच फीत धरलेला आहे आणि तुम्ही अजून एकदाही आलेला नाहीत. बॅच रविवारी सकाळी दहाला असते. ड्युटी असेल तर आदल्या दिवशी फोन करा, संध्याकाळचं बघू.