मोठ्या डिस्क बसवल्या म्हणून गाडी निम्म्या अंतरात थांबत नाही

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये एक मजकूर मोबाइलवरून सारखा फिरतो आहे. मारुती झेनमध्ये ९९३ सीसीच्या जागी एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन बसवणाऱ्यांना, किंवा आहे त्याच इंजिनाची ताकद वाढवून घेणाऱ्यांना, त्यात ठामपणे सांगितले आहे की पुढे मोठ्या, भोके पाडलेल्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) आणि चार पिस्टनचे कॅलिपर (त्या तबकडीवर पॅड म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या दाबणारे चिमटे) बसवा, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. मागचे ड्रम (आतून घासून थांबवणारे डब्यासारखे ब्रेक) काढून तिथेही डिस्क लावा. ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे द्रव) ‘डॉट ५’ या दर्जाचे घ्या, कारण आकडा मोठा तेवढे ऑइल चांगले. आणि मग कोणताही घाट निर्धास्त उतरा. ताकद वाढवली की ब्रेकचा विचार केलाच पाहिजे, एवढे त्यातले बरोबर आहे. पुढचे बहुतेक सगळे चुकीचे आहे, आणि ही चूक माणसांच्या जिवाशी येऊ शकते.

गाडी निम्म्या अंतरात थांबते, हा दावा आधी पाहू. गाडी शेवटी थांबते ती टायरच्या रस्त्यावरील पकडीमुळे. पेडल जोरात दाबल्यावर आजचेच ब्रेक चाके जाम करू शकत असतील, तर त्याहून जास्त जोर लावणारे ब्रेक एका थांबण्याचे अंतर कमी करू शकत नाहीत. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी थांबायला साधारण ५० मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी २८ मीटर निघून जातात. हे अंतर कमी करायचे असेल तर पैसे आधी टायरवर खर्च करावेत. सहा-सात वर्षांचे, कडक झालेले टायर ठेवून डिस्क बदलणे हा खर्चाचा उलटा क्रम आहे.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उष्णता सामावून घेणे आणि बाहेर टाकणे. ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतात, आणि ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० वरून थांबायचे तर ती सुमारे पावणेदोनपट होते. जास्त ताकदीचे इंजिन गाडीला दोन वळणांच्या मधल्या टप्प्यात पुन्हा वेग देते आणि ब्रेकला निवायला वेळच मिळत नाही, इथे वाढलेल्या ताकदीचा ब्रेकशी खरा संबंध येतो. भोके पाडलेल्या डिस्कने हा प्रश्न सुटत नाही, कारण भोकांमुळे उष्णता साठवणारे लोखंड कमी होते आणि वारंवार तापल्यावर तडे बहुधा भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात. रस्त्यावरच्या गाडीला भोके नसलेली, दोन पृष्ठभागांमधून हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क जास्त उपयोगी पडते.

घाटाचा दावा तर याहून घातक आहे. माणसांसह १००० किलोची गाडी सिंहगडासारख्या घाटात ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते ती ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. इंजिन ९९३ सीसीचे असो की १२९८ सीसीचे, हा हिशेब बदलत नाही. ही ऊर्जा इंजिनाने पेलायला हवी, म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायला हवी. ती सगळी ब्रेकवर टाकली तर मोठ्या डिस्कसुद्धा थोड्या वेळाने तापतातच. पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेले असतात. पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते, तेव्हा ऑइल उकळून पाइपमध्ये वाफ झालेली असते. या दोन खुणा ओळखता आल्या तर काय बदलायचे हे आपोआप कळते.

ऑइलबद्दलचा सल्ला मी सर्वांत गंभीर मानतो. डॉट ३ नवे असताना किमान २०५ आणि डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. पण दोन्ही ऑइले हवेतली ओल शोषतात आणि ओल मुरल्यावर ही मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरते. पुण्याचे दोन पावसाळे झाले की ऑइल बदलावे, हा त्यावरचा साधा आणि स्वस्त उपाय आहे. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही, आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे राहून पेडल मऊ लागू शकते. डॉट ५.१ हे वेगळे ऑइल असून ते ३ आणि ४ च्याच जातीचे आहे. नाना पेठेतल्या काउंटरवर नुसते ‘पाच नंबर’ मागणाऱ्याच्या हातात यांपैकी कोणता डबा येईल, याचा भरवसा नाही.

चार पिस्टनच्या कॅलिपरबाबत तो मजकूर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचा, उल्लेखही करत नाही. पिस्टनचे क्षेत्रफळ दीडपट झाले आणि मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर जास्त ऑइल ढकलायला पेडलही जवळपास दीडपट खाली जाते आणि अडचणीच्या वेळी दाबायला जागा उरत नाही. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकमेकांच्या हिशेबाने निवडावे लागतात. वीस वर्षांचे रबरी होज पाइप दाबाखाली फुगतात, त्यामुळे ते आधी बदलावेत.

मागच्या डिस्कबद्दल थोडक्यात. जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. मागचा जोर वाढवून पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल नव्याने बसवला नाही, तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते, पावसात तर हमखास. हलक्या गाडीला नीट ॲडजस्ट केलेले, चांगल्या लायनरचे (आतल्या घर्षणपट्टीचे) ड्रम पुरतात, आणि हँडब्रेकही त्यांच्यावरच चांगला धरतो.

मजकुरात नसलेली आणखी एक बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी लागते, म्हणून संगम पुलाजवळच्या कार्यालयात आधी अर्ज करावा आणि गाडी गॅरेजमध्ये त्यानंतरच न्यावी.