दीडशे फुटांचा नियम

निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याची तळमळ वातानुकूलित घरात बसलेल्या माणसालाच अधिक छळते, असे माझे निरीक्षण आहे. डॅलसमध्ये राहणारे माझे मावसभाऊ श्रीदादा हे या तळमळीचे जुने रोगी. त्यांनी एप्रिलमधल्या एका शनिवारी दोन्ही कुटुंबांना मोटारीत कोंबले आणि टेक्सासच्या वायव्येकडील कॅप्रॉक कॅनियन्स या राज्य उद्यानाचा रस्ता धरला. विचिटा फॉल्स आणि चिल्ड्रेस मागे पडले तरी खिडकीबाहेर इतका सपाट माळ होता, की "भावजी, दरी नक्की याच राज्यात आहे ना?" अशी शंका आमच्या सौभाग्यवतींनी अत्यंत विनयाने विचारली.

किटिक्वे गाव ओलांडल्यावर मात्र माळ एकाएकी तुटला आणि तांबडेलाल कडे समोर उभे राहिले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या खडकांतून जिप्समच्या पांढऱ्या शिरा आडव्यातिडव्या धावतात आणि उन्हात लखलखतात. दृश्य खरोखर भव्य आहे. फक्त ती तांबडी माती आधी बुटांत, मग पोह्यांत आणि अखेरीस कानांत शिरते, हे छायाचित्रांत दिसत नाही.

लेक थिओ या लहानशा तळ्याकाठी आम्हाला जागा मिळाली होती. श्रीदादांनी तंबूची सूचनापत्रिका उघडली आणि वाऱ्याने ती तत्क्षणी पाण्यावर नेली. या पठारावर वाऱ्याला अडवणारे फारसे काही नसल्यामुळे आपल्यालाही कुणी अडवू नये, अशी त्याची समजूत झालेली आहे. खुंट्या ठोकण्याआधीच तंबू फुगला, आम्हा चौघांच्या हातांना हिसडा देऊन सुटला आणि मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा, कुणाचेही न ऐकता, तळ्याच्या दिशेने चालू लागला. त्याची मनधरणी करायला मी अनवाणी धावलो, तेव्हा पायात जे रुतले ते चांगलेच ओळखीचे निघाले. सोलापूरच्या माळावर लहानपणी टोचलेला सराटा इथेही होता! तोही या देशात बाहेरूनच आलेला. त्याच्याकडे कुणी कागदपत्रे मागितली असतील असे त्याच्या आत्मविश्वासावरून वाटले नाही.

परंतु वारा आणि सराटे हे तिथले किरकोळ रहिवासी होत. खरे घरमालक म्हणजे बायसन, अर्थात आपल्या गव्याच्या जातकुळीतले अमेरिकेतले केसाळ रानबैल. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी कळपच्या कळप संपवत आणले असताना, १८७८ च्या सुमारास मेरी अ‍ॅन गुडनाइट या बाईंनी आपले पती चार्ल्स यांच्यामागे लकडा लावून काही वासरे वाचवली. त्यांचे वंशज १९९७ मध्ये या उद्यानात आणले गेले आणि २०११ पासून त्यांना तिथे मोकळे हिंडू दिले जाते. पत्नीचे ऐकल्यामुळे इतिहास घडतो, हा भाग सौभाग्यवतींनी मला मुद्दाम मोठ्याने समजावून सांगितला. याच तळ्याच्या परिसरात दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फॉल्सम संस्कृतीच्या माणसांनी त्या काळच्या, अधिक थोराड बायसनांची शिकार केली होती आणि त्यांची हाडे उत्खननात सापडली आहेत. आजच्या बायसनांची आमच्याकडे पाहण्याची नजर विचारात घेता, ही जुनी हकीकत त्यांच्या घराण्यात कुणीतरी जपून ठेवली असावी.

नियम सोपा आहे: बायसनपासून किमान दीडशे फूट दूर राहावे आणि त्याने शेपूट वर उभारली, तर तो चिडला आहे असे समजून मुकाट्याने मागे सरावे. हा नियम आपण पाळायचा असतो. बायसनवर तो बंधनकारक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा थांबल्यामुळे मला जाग आली. तंबूची चेन उघडून पाहिले, तर आमच्या आणि स्वच्छतागृहाच्या बरोबर मध्ये एक भलामोठा नर उभा होता. पूर्ण वाढलेला नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि मनात आले तर घोड्याच्या तोडीने धावतो, ही माहिती श्रीदादांनी नेमक्या त्याच वेळी, कुजबुजत्या आवाजात पुरवली. मग त्यांनी वळसा घालण्याचा मार्ग आखला. एका बाजूला तळे होते, दुसऱ्या बाजूला मेस्किटची काटेरी झुडपे, आणि त्या झुडपांत आणखी दोन माद्या चरत होत्या. नर शांतपणे रवंथ करीत होता. त्याला कुठेही जायचे नव्हते, मला होते.

ताटकळणारा मी एकटा नव्हतो. आसपासच्या तंबूंतून हळूहळू माणसे बाहेर आली, हातांत टॉवेल आणि दात घासण्याचे ब्रश घेऊन आपापल्या मोटारींच्या आडोशाला उभी राहिली, आणि सगळ्यांचे डोळे त्या एकाच शेपटीवर खिळले. ती जरा हलली की सगळे एक पाऊल मागे सरकत. सौभाग्यवतींनी तेवढ्यात शेजारच्या तंबूतल्या वृद्ध अमेरिकन दांपत्याशी ओळख करून घेतली. हा नर येथे दुपारपर्यंतही रेंगाळतो, असे त्या आजोबांनी हसत सांगितले आणि माझ्या चेहऱ्यावरची व्याकुळता पाहून, अत्यंत आपुलकीने, वाफाळत्या कॉफीचा काठोकाठ भरलेला मग माझ्या हातात ठेवला.