स्वस्त डॅकमध्ये चिप वाईट नसते, बाकीची डबी वाईट असते

नव्या पातळ टीव्हीचा आवाज ऐकवत नाही, म्हणून बरेच जण माळ्यावरचा जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर पुन्हा खाली काढतात. उत्तम करतात. पण टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्प्लिफायरला लाल-पांढरी आरसीए सॉकेट्स. मग हजार रुपयांच्या आतली ती छोटी काळी डबी येते: डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डॅक. टीव्हीच्या डिजिटल सिग्नलचं ॲम्प्लिफायरला कळणाऱ्या ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी. ओळखीपाळखीच्या घरांत या डब्या जोडून देताना माझं ठाम मत झालंय की त्या बनवणारे नको तिथे पैसे वाचवतात.

डबीवर '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असं ठळक छापलेलं असतं, म्हणजे आवाज किती बारकाईने आणि सेकंदाला किती वेळा मोजलेला चालेल ते आकडे. टीव्हीतून येणारा आवाज बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झचा. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची, आणि तिच्यावर आपण किशोरीताई, कुमारजी मन भरून ऐकले. हे रूपांतर करणारी चांगली चिप आज स्वस्तात मिळते. तो प्रश्न केव्हाच सुटलाय.

जे छापायला हवं ते छापत नाहीत: 'फक्त पीसीएम चालेल'. पीसीएम म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल आवाज. टीव्हीने डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून बांधलेला आवाज, पाठवला की यातल्या बहुतेक डब्यांना ते उलगडता येत नाही. मग एकतर शांतता किंवा स्पीकर फाडणारा खरखराट. लोक डबी खराब समजून परत पाठवतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' केलं की काम होतं. राग याचा येतो की 'हा पीसीएम नाही' असं सांगणारा एक बिट त्या सिग्नलमध्येच असतो. तो वाचून आवाज बंद करायचा आणि एक लाल दिवा लावायचा. एका एलईडीचा खर्च!

खरा वैताग मात्र घरघरीचा. ऑप्टिकल केबलमधून वीज नाही, प्रकाश जातो. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांचा विजेचा संबंध तुटतो, हा या जोडणीचा सगळ्यात मोठा फायदा. पण डबीसोबत ॲडॉप्टर नसतो, नुसती यूएसबी वायर असते, आणि ती टीव्हीच्या यूएसबीत घाला असं सांगितलेलं असतं. घातली की प्रकाशाने तोडलेला संबंध वायरने पुन्हा जोडला! टीव्हीचा ग्राउंड डबीत, तिथून आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून ॲम्प्लिफायरमध्ये. टीव्हीला केबलवाल्याची कोॲक्स वायर आणि ॲम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग असेल, तर ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या वायरींचं बंद वर्तुळ, पूर्ण होऊन ५० हर्ट्झची घरघर सुरू होऊ शकते. वर टीव्हीच्या सप्लायची बारीक किरकिर. तानपुरा ऐकायला बसलेल्या माणसाला ही घरघर किती छळते, ते त्यालाच विचारा. डबीला वेगळा, बऱ्यापैकी मोबाइल चार्जर लावला की बहुतेक वेळा फरक पडतो. पण हे ग्राहकाने का शोधायचं?

आवाज दबका येतो त्यालाही कारण आहे. ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या लाइन आउटपुटची रूढ पातळी २ व्होल्ट आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी. त्यासाठी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे ५.७ व्होल्ट लागतात, आणि यूएसबीतून येतात ५. चार्ज पंप (आतल्या आत जादा व्होल्टेज तयार करणारं सर्किट) असलेली चिप घेतली तर हे जमतं, नाहीतर आउटपुट कमी ठेवावं लागतं. चालू-बंद होताना आवाज दाबून धरणारं म्यूटिंग सर्किट गाळलेलं असेल तर टीव्ही चालू-बंद करताना वूफरला दणका बसतो तो वेगळाच. आणि पॉवरचं सॉकेट नुसतं बोर्डाच्या कडेला डकवलेलं असतं, वायर दोनचारदा ओढली गेली की सोल्डरचे टाके सुटतात.

मला महागडं यंत्र नकोय. पाऊणशे-शंभर रुपये जास्त घ्या, पण सप्लाय नीट फिल्टर करा, सॉकेट घट्ट बसवा आणि खोक्यावर पीसीएमची एक ओळ छापा.

कुणाकडे घरघर येत असेल तर डबीला पॉवर कुठून दिलीय आणि ॲम्प्लिफायरचा प्लग दोन पिनांचा की तीन पिनांचा, ते खाली लिहा. बघून सांगतो.